चोर वही

१

रविवारी सकाळी पावणेनऊला कळलं की वाचनालयाच्या काचेच्या कपाटातून विजयाबाई शिरढोणकरांची वही नाहीशी झाली आहे. संध्याकाळी पाच वाजता त्याच वहीच्या साक्षीने विजयाबाईंचा सत्कार व्हायचा होता.

यशश्रीचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते.

"सीमंतिनीताई, तुमी लगेच या. कुलूप लागलेलं आहे आणि वही गायब आहे!"

"काच फुटली?"

"नाही ना! बाईंचा फोटो आहे, पेन आहे, चष्मा आहे. बस वहीच नाही."

मी गॅस बंद केला आणि निघाले. पोह्यांचं काय झालं ते विचारू नका.

पोलिसांना सोडून मलाच का बोलावतात, हेही सांगते. लष्कर या आमच्या ग्वाल्हेरच्या भागातल्या एका छापखान्यात मी एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. छपाईआधीच्या मजकुरातल्या चुका काढायच्या, एवढंच माझं काम. त्यामुळे माझी नजर आधी चुकीवर जाते आणि मग मजकुरावर. संसारात हा गुण फारसा कामाला आला नाही, पण वाचनालयाच्या भानगडी निस्तरायला येतो. शिवाय विजयाबाईंच्या बत्तीस रहस्यकादंबऱ्यांपैकी एकोणीस कादंबऱ्यांची मुद्रितं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यांचं काही हरवलं तर मला माझंच हरवल्यासारखं वाटतं.

आता ही वही म्हणजे काय, ते ऐका. 'मुनशीची चिठ्ठी' ही बाईंची पहिली कादंबरी. बावन्न वर्षांपूर्वीची. तिचा हस्तलिखित खर्डा त्या वहीत होता. केदार नावाचे प्रकाशक ही कादंबरी पुन्हा काढत होते आणि त्या संध्याकाळी मुखपृष्ठ जाहीर होणार होतं. एवढ्यात पुण्याचे समीक्षक अभिराम केतकर यांनी एक शंका काढली. ही पहिली कादंबरी विजयाबाईंची नसून त्यांचे यजमान, कै. प्राध्यापक भालचंद्रराव शिरढोणकर, यांची आहे. संध्याकाळचं मुख्य भाषणही केतकरच करणार होते.

म्हणजे वही सापडली नाही, तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंच्या देखत, त्यांच्याच गावात, त्यांचं पहिलं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर चढणार होतं. माझं तर डोकंच फिरलं.

२

वाचनालयात पोचले तर केतकर कपाटासमोर हाताची घडी घालून उभे होते. माणूस चाळिशीचा, कडक इस्त्रीचा कुडता, बोलणं स्वच्छ. इतकं स्वच्छ की मला त्यात हात घालायला जागा मिळेना, याचाही थोडा राग आलाच.

"वही तुम्हाला नको होती, असं मी म्हटलं तर?" मी सरळच विचारलं.

"उलट, मलाच ती सर्वांत जास्त हवी होती," ते म्हणाले. "बाईंच्या पुढच्या एकतीस कादंबऱ्यांची भाषा बोलीला जवळची आहे. तिच्यात हिंदी मिसळलेली आहे. पहिलीच तेवढी बांधेसूद आहे. ती मराठीच्या प्राध्यापकाने लिहिली असावी, हे माझं अनुमान. वहीच्या पानापानावर त्यांची लाल शाई असणार. ती दिसली की प्रश्न मिटला."

"लाल शाई?" मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "वही काल दुपारी आली ती दोऱ्याने बांधलेली. फक्त पहिलं पान उघडं, आणि त्यावर फक्त निळी शाई. तुम्हाला लाल शाई कुठे दिसली?"

केतकर हसले. "माझे वडील इथे शिकायला होते, भालचंद्ररावांचे विद्यार्थी. त्यांनी आपल्या लग्नाची पत्रिका सरांना दिली, तर सरांनी तिच्यातल्या तीन चुका लाल शाईत दुरुस्त करून परत पाठवली. आमच्याकडे ती अजून आहे. अशा माणसाने बायकोची वही कोरी सोडली असेल?"

हे मात्र खरं होतं. भालचंद्रराव वाईहून इथल्या कॉलेजात आले आणि त्यांनी अख्खं लष्कर दुरुस्त करायला घेतलं. किराण्याच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि त्यांच्यावर जीव टाकणारे विद्यार्थीही आमच्या गावात घरटी एक आहेत.

केदार सकाळी नऊच्या गाडीने इंदूरहून उतरले आणि मुखपृष्ठांचं बाड काखेत घेऊन तसेच वाचनालयात आले. त्यांनी खुलासा केला, तोही घाम पुसत. दोन मुखपृष्ठं छापून आणली होती. एकावर एकट्या विजयाबाईंचं नाव, दुसऱ्यावर दोघांचं. "जे ठरेल ते दाखवू," ते म्हणाले. माणूस भित्रा होता, पण चोर असायला तो पावणेनऊच्या आत ग्वाल्हेरात असायला हवा होता.

"आणि चोर बाई आहे," केतकर अचानक म्हणाले. "रात्रपाळीचा वॉचमन घरी जात होता तेव्हा मी त्याला इथेच कपाटासमोर विचारलं, कौन ले गया? माझं हिंदी बेताचं आहे, पण त्याचं उत्तर स्पष्ट होतं. 'वही ले गईं.' वही नेली, आणि नेणारी स्त्री."

आम्ही सगळ्यांनी एकदमच यशश्रीकडे पाहिलं. कपाटाची चाबी तिच्या गळ्यातल्या दोरीत लटकत होती.

३

यशश्री वाचनालयाची सगळ्यांत तरुण कार्यकर्ती. एम.ए. करते आणि हे सगळं प्रदर्शन तिने एकटीने मांडलं होतं. मी तिला आतल्या खोलीत नेलं तर पोर रडायलाच लागली.

"ताई, मी चाबी कोणालाच दिली नाही, कसम से. कालपासून गळ्यातच आहे."

"दुसरी चाबी?"

"वाचनालयाकडे एकच आहे. रजिस्टरमध्ये पण एकच लिहिलंय."

"काल संध्याकाळी काही वेगळं घडलं?"

तिने डोळे पुसले. "वेगळं म्हणजे... केतकर सर म्हणाले, वहीची सगळी पानं स्कॅन करून प्रोग्रॅममध्ये पडद्यावर दाखवू. मला पण छान वाटलं. मी लगेच ग्रुपवर टाकलं. बाईंनी अंगठा पण दिला. आज पावणेनऊला मी स्कॅनर घेऊन आले तर वही नाहीच."

"बाईंना सांगितलंस?"

"हो ना. पहिला फोन त्यांनाच केला. त्या म्हणाल्या, बरं, आणि शाल गरम आणू नका, मला उकडतं."

"बस एवढंच?"

"बस."

मी कपाटाकडे परत गेले. जुन्या सागवानाचं, पितळी कुलपाचं कपाट. वरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं: 'प्रा. भालचंद्र शिरढोणकर यांच्या संग्रहातून सप्रेम.' आत बाईंचा हसरा फोटो, पेन, चष्मा. वहीखाली अंथरलेला रेशमी खण मात्र नीट चौघडी करून कोपऱ्यात ठेवलेला होता. चोराने वही उचलली आणि खणाची घडी घातली! असला टापटिपीचा चोर मी फक्त एकाच लेखिकेच्या पुस्तकात पाहिला होता.

तरी माझी ट्यूब पेटेना. बाहेर केतकर भाषणाचे कागद चाळत होते. "पाच वाजता मला बोलावंच लागेल," ते म्हणाले. "वही नसली तर अनुमानावर बोलेन." आणि केदारनी दोघांच्या नावाचं मुखपृष्ठ वरती ठेवलं.

४

दुपारी बारापर्यंत मी खुर्चीत बसून एकच विचार करत राहिले. बाईंचाच.

विजयाबाईंचा जन्म लष्करातल्याच दाणा ओळीतला. वडील ग्वाल्हेर दरबारात दुभाषे. अर्ज हिंदीत यायचे, कारभाऱ्यांना मराठीत समजवायचे. संध्याकाळी ते घरी येऊन पोरीला गंमत सांगायचे, आज कोणत्या शब्दाने कोणाला कसं फसवलं. एकाला 'शिक्षा' द्या असा हुकूम निघाला. हिंदीवाल्यांनी त्याला शाळेत पाठवायची तयारी केली, मराठीवाल्यांनी तुरुंगात. बाई म्हणतात, "माझं गुरुकुल तेच." पुढे त्या नई सडकेवरच्या कापडाच्या दुकानांत तासन् तास बसायच्या. गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं, दुकानदार हिंदीत, आणि दोघांनाही वाटतं आपणच जिंकलो. बत्तीस कादंबऱ्यांत पिस्तूल दोनदाच आलं असेल. बाकी सगळीकडे माणूस फसतो तो शब्दाने, आणि सापडतो तोही शब्दानेच.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मी त्यांच्या एका मुद्रितातले सोळा शब्द 'शुद्ध' केले होते. त्यांनी फोन केला. "सीमंतिनी, तू चांगली आहेस. पण ही चूक नाही, हा आमचा पत्ता आहे. पुन्हा पुसू नकोस." त्या दिवसापासून मी आमच्या बोलीबद्दल कोणाचं ऐकून घेत नाही.

'मुनशीची चिठ्ठी'चं रहस्यही दोन अक्षरांच्या एका शब्दावर फिरतं. ती मी अकरा वेळा वाचली आहे. अकरा वेळा! हे आकडे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढे माझी किती शोभा झाली ते कळेल.

यशश्री चहा घेऊन आली. डोळे सुजलेले. "ताई, मला लागतं की केतकर सरांना मी चोर वाटते."

"तू चोर असतीस तर स्कॅनर घेऊन कशाला आली असतीस?" मी म्हटलं.

"अरे, वही तो! वही तो मैं सुबह से बोल रही हूँ!"

चहाचा कप माझ्या हातातच राहिला.

"काय म्हणालीस?"

"मी? म्हटलं, वही तो... म्हणजे तेच तर!"

मी चपला घातल्या.

५

वॉचमन संग्रामसिंह हजिऱ्याला राहतो. फोन बंद करून झोपला होता. ई-रिक्षाने मी त्याच्या दारात पोचले आणि त्याला उठवलं. बिचारा बनियनवरच बाहेर आला.

"संग्रामसिंहजी, एक बात बताओ. कपाट में जो चीज रखी थी, उसे आप क्या कहते हो?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "कौन सी चीज? वो कॉपी? पुरानी वाली?"

"कॉपी. उसे वही नहीं कहते?"

"वही? वही मतलब?" तो गोंधळला. "मैडम, मैं चार दिन पहले लगा हूँ। मराठी मुझे नहीं आती।"

"मग त्या साहेबांना... उन साहब को आपने क्या बताया था?"

"यही, कि वही ले गईं!" त्याने हनुवटी उचलून हवेतल्या कपाटाकडे दाखवलं. "वही, जिनकी फोटू रखी है। साढ़े सात बजे आईं, अपनी चाबी से खोला, कॉपी थैले में रखी, राम-राम की, चली गईं। उनकी चीज, उनकी चाबी, मैं क्यों रोकता?"

ती कादंबरी अकरा वेळा वाचलेली मी हजिऱ्याच्या गल्लीत भर उन्हात कपाळाला हात लावून उभी होते. कादंबरीतला मरता मुनशी चिठ्ठीत दोनच शब्द लिहितो : 'चोर वही'. दरबारातले मराठी कारभारी दीडशे पानं वही शोधत फिरतात, घरं खणतात, कोठारं उपसतात. शेवटी एक पोरगी सांगते की मुनशी हिंदी लिहीत होता. आधीच्या चोरीत जो सुटला होता, चोर तोच. वही. केतकरांना मी हसणार होते, पण मी तरी सकाळी वेगळं काय केलं होतं?

बाकीचं रिक्षात बसल्या बसल्या जुळलं. कपाट मुळात शिरढोणकरांचं. तशा कुलपांना दोन चाब्या असतात. वाचनालयात एकच आली, म्हणजे दुसरी बाईंच्या जुडग्यात राहिली. खणाची घडी. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे तो फोन. आयुष्यभर ज्या बाईने कधी, कुठे, कोणी, कसं हेच प्रश्न विचारले, तिने स्वतःची वही चोरीला गेल्यावर एकही प्रश्न विचारला नाही. शालीबद्दल बोलली!

चोर सापडला होता. पण आपल्याच बाजूचा एकुलता एक पुरावा बाई का चोरतील, हे मात्र मला कळेना.

६

दाणा ओळीत बाईंच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा अडीच वाजले होते. बाई साडी नेसून, केसांत मोगऱ्याचं एक फूल माळून तयार बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी.

"पावणेसहा तास लावलेस," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, अकराला येशील."

"वॉचमन हिंदी बोलला, बाई."

"आणि तू मराठी ऐकलंस!" त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

"का नेलीत?" मी विचारलं. "पाच वाजता तो माणूस तुमचं पुस्तक तुमच्या हातून काढून घेणार आहे."

"घेऊ दे. एक गेलं तर एकतीस उरतात." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "वहीच्या सातव्या पानावर चिठ्ठी आहे. 'चोर वही.' ह्यांनी फक्त पहिली तीन प्रकरणं वाचली होती. त्या ओळीखाली ह्यांनी लाल शाईत लिहिलं, 'वाक्य अपुरे. चोर वहीत, असे हवे.' मी खाली लिहिलं, 'नाही. वहीच राहील.' त्यावरून आम्ही आठ दिवस बोललो नाही. मग मी उरलेली कादंबरी ह्यांना दाखवलीच नाही. सरळ स्वच्छ प्रत करून छापायला पाठवली."

मी उठून उभीच राहिले. "बाई! अहो, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? ज्याने ती कादंबरी रचली, तो तिचीच किल्ली दुरुस्त करून फेकून देईल का? सर ते कोडं ओळखूच शकले नाहीत, म्हणजे ते त्यांचं नाहीच. केतकरांचं अख्खं भाषण त्या एका 'त'मध्ये बुडतं!"

"मला कळत नाही का ते?" बाईंचा आवाज चढला. "पण पडद्यावर काय दिसेल? तीनशे माणसं, त्यातली निम्मी ह्यांचे विद्यार्थी. पडद्यावर हे चुकलेले दिसतील, एवढे मोठे करून, आणि लोक हसतील. ज्या माणसाने जन्मभर कोणाची चूक सोडली नाही, त्याला मी मेल्यावर नापास करू? माझा मान मला प्यारा आहे, सीमंतिनी. पण ह्यांचाही तितकाच आहे."

मला रागही आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं.

"पान पाहू तरी दे," मी हळूच म्हटलं. घाईत मीही एकेरीवर आले, पण त्यांनी चालवून घेतलं.

"कशाला? मला पाठ आहे."

"शेवटची कधी उघडलीत वही?"

"उघडली कुठे? छापून झाल्यावर ह्यांच्याच टेबलाच्या खणात पडली होती. ती लाल शाई मला बघवत नसे. परवा तशीच काढली, वरचं पान तेवढं मोकळं ठेवून दोरा बांधला, आणि काल यशश्रीला दिली."

मी दोरा सोडला. माझा हात चुकीवर जायला सरावलेला आहे, सातवं पान शोधायला वेळ लागला नाही. निळी ओळ होती. तिच्याखाली लाल. तिच्याखाली पुन्हा निळी, रागाने कागद फाटेस्तोवर दाबून लिहिलेली. आणि पानाच्या अगदी तळाशी, बाईंनी कधीच न पाहिलेल्या जागी, लाल शाईतल्या आणखी तीन ओळी होत्या. मी त्या मोठ्याने वाचल्या.

"'आज छापील पुस्तक वाचून संपवले. माझी दुरुस्ती चुकीची होती, ती खोडली आहे. वहीच राहील. ही बाई माझ्यापेक्षा मोठी आहे. भा. शि.'"

वर पाहिलं, तर खरंच, 'वहीत'मधल्या 'त'वर एक बारीक सरळ रेघ मारलेली होती. मुद्रितशोधकाच्या खुणेसारखी नेटकी.

बाईंनी वही माझ्या हातून घेतली. चष्मा वाचनालयाच्या कपाटात होता, म्हणून पान डोळ्यांजवळ धरलं. मग पदराने नाक पुसलं.

"मेल्याने तोंडाने कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "बावन्न वर्षं माझ्याच घरात ठेवलं." आणि उठल्या. "चल. स्कॅनर सुरू करायला सांग पोरीला."

पाच वाजता केतकर माइकसमोर आले तेव्हा त्यांच्या हातात भाषणाचे कागद नव्हते. पडद्यावर सातवं पान होतं. त्यांनी चारही नोंदी त्यांच्या स्वच्छ आवाजात वाचल्या आणि म्हणाले, "सकाळी वॉचमनने मला सत्य सांगितलं होतं, मी त्यातून वही काढली. विजयाबाईंची पहिली कादंबरी मला आज पहिल्यांदा कळली. ही कादंबरी ग्वाल्हेरशिवाय कुठे लिहिलीच गेली नसती." कोणी हसलं नाही. भालचंद्ररावांचे विद्यार्थी, तेही आता सत्तरी ओलांडलेले, एकेक करून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. केदारनी एकाच नावाचं मुखपृष्ठ वर धरलं. यशश्री शिट्टी वाजवणार होती, तिला मी डोळ्यांनी दाबलं, आणि मग सोडून दिलं.

मी दारापाशी हवेला आले. तिथे संग्रामसिंह संध्याकाळच्या ड्यूटीवर उभा होता. उशिरा आलेल्या कोणा पाहुण्यांनी त्याला विचारलं, "इनमें से राइटर कौन हैं?"

त्याने व्यासपीठाकडे हनुवटी उचलली. तिथे भालचंद्ररावांची वही छातीशी धरून एक ठेंगणी म्हातारी ताठ उभी होती.

"वही," तो म्हणाला.

भालचंद्ररावांची नव्हे, बाईंची वही. एकतीस वर्षांची सवय असूनही मी चुकले, पण ही चूक मी मुद्दाम तशीच ठेवते आहे. बाई निळ्या शाईत आणि सर लाल शाईत, दोघंही ती दुरुस्त करतील.